अमडापूर शेजारच्या शेतात का सरकते? संगणकीय नकाशातल्या एका बिघाडाचा दोनशे वर्षांचा इतिहास

#धागा

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील अमडापूर हे चिखली–खामगाव रस्त्यावरचे गाव. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमवारीत ते ५५ डी या पत्रकात येते. या पत्रकाची एखादी जुनी प्रत स्कॅन करावी, संगणकावरील नकाशा-प्रणालीत उघडावी, चार कोपऱ्यांवर छापलेले अक्षांश-रेखांश नोंदवावेत आणि खाली आजचे उपग्रहचित्र लावावे. प्रणाली काहीही तक्रार करीत नाही, काम ‘यशस्वी’ झाल्याचे सांगते. आणि जुन्या नकाशातले अमडापूर आजच्या अमडापुरापासून आग्नेयेकडे सुमारे १४० मीटर अंतरावर जाऊन बसते.

१४० मीटर म्हणजे किती? एक एकराचे चौरस शेत सुमारे ६४ मीटर बाजूचे असते. म्हणजे दोन शेते ओलांडून तिसऱ्यात. नाल्याच्या अलीकडचे घर पलीकडे जाते. पाणंद विहिरीवरून धावू लागते.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी याहून मोठा धोका वेगळाच आहे. गावाची ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा काळाच्या ओघात हलल्याची खरी उदाहरणे महाराष्ट्रात पुष्कळ सापडतात. पूर, रोगराई, लूट, धरण अशी कारणे असतात. त्यामुळे पडद्यावर जुनी पांढरी आणि नवी पांढरी एकमेकींपासून दूर दिसली, की ‘गाव हलले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनावर होतो. शोधनिबंधात एक सुंदर नकाशा लागतो, त्याखाली एक ठाम वाक्य येते, आणि कधीही न घडलेले स्थलांतर इतिहासात दाखल होते.

हा बिघाड कुठून येतो, हे शोधताना आधी लोक ज्याला बिघाड म्हणतात तो समजून घ्यायला हवा.

नकाशा-प्रणालीला बाहेरून जोडायच्या छोट्या उपांगांना अ‍ॅड-इन किंवा प्लगइन म्हणतात. मूळ प्रणाली सर्वांसाठी असते. जुना नकाशा जमिनीवर बसवणे, उपग्रहचित्र मागवणे, सातबाराच्या तक्त्याशी गट जोडणे अशी खास कामे ही उपांगे करतात. ती बिघडतात तेव्हा मोठ्याने बिघडतात. लाल पट्टी येते, नाहीतर मेनूमधून उपांगाचे नावच नाहीसे होते. या मोठ्या आवाजाच्या बिघाडांनाही इतिहास आहे, जरी तो जेमतेम पंचवीस-तीस वर्षांचा असला तरी.

नव्वदच्या दशकात आर्कव्ह्यू ३ वापरणाऱ्यांनी ‘अ‍ॅव्हेन्यू’ नावाच्या भाषेत आपापली उपांगे लिहिली. एस्री कंपनीने पुढे आर्कमॅप आणले, आणि ती सारी मेहनत एका फटक्यात निरुपयोगी झाली. आर्कमॅपमध्ये लोक व्हीबीए शिकले. २०१० मध्ये दहावी आवृत्ती आली, तिने व्हीबीएला बाजूला सारून ‘अ‍ॅड-इन’ ही नवी रीत रूढ केली. २०१५ मध्ये आर्कजीआयएस प्रो आले, आणि आर्कमॅपचे अ‍ॅड-इन त्यात चालेनासे झाले. एकाच माणसाच्या नोकरीच्या काळात एकाच कामासाठी तीन वेळा नव्याने लिहावे लागले. मोडी गेल्यावर दप्तरखाने जसे मुके झाले, तसेच काहीसे. फक्त येथे त्याला शंभर वर्षे लागली नाहीत.

मुक्त प्रणालींतही हेच घडले. क्यूजीआयएस हा प्रकल्प अलास्कातील गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये सुरू केला. आज महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या हातात बहुधा हीच प्रणाली असते, कारण ती विनामूल्य आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिची ३.० आवृत्ती आली आणि आतली भाषा पायथॉन २ वरून पायथॉन ३ झाली. बदल वरवर क्षुल्लक होते. ‘प्रिंट’ या आज्ञेपुढे कंस सक्तीचा झाला, अक्षरे साठवण्याची पद्धत बदलली. पण एक कंस नसला तरी उपांग उघडत नाही, आणि ज्यांच्या कर्त्यांनी मधल्या काळात हे काम सोडून दिले होते ती उपांगे तशीच मागे राहिली.

जुन्या आवृत्तीत मराठी वापरकर्त्याला आणखी एक खास त्रास होता. विंडोजमध्ये स्वतःचे नाव देवनागरीत लिहिले, की त्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेले उपांग अनेकदा उघडतच नसे. पायथॉन २ ला ती अक्षरे पचत नसत. संगणकाला स्वतःच्या लिपीत नाव सांगितल्याची ही शिक्षा होती.

हे बिघाड शोधण्याची रीत सोपी आहे. क्यूजीआयएसमध्ये नवे, कोरे ‘युजर प्रोफाइल’ उघडावे. त्यात उपांग चालले तर दोष जुन्या सेटिंगमध्ये किंवा दुसऱ्या एखाद्या उपांगात आहे. तेथेही चालले नाही तर उपांगाच्या फोल्डरमधली मेटाडेटाची फाइल वाचावी. ते कोणत्या आवृत्तीपासून पुढे चालते हे तीत लिहिलेले असते. आर्कमॅपच्या अ‍ॅड-इनची गाठोडी म्हणजे खरे तर झिप फाइलच. तिच्या आतील कॉन्फिग फाइलीतही आवृत्ती नोंदलेली असते. शिवाय तेथे सुरक्षेचे एक सेटिंग आहे. विश्वासू प्रकाशकाची सही नसलेली अ‍ॅड-इन नाकारायची असे ते ठरलेले असेल, तर निर्दोष उपांगही गुपचूप वगळले जाते. कधी उपांग हरवलेलेच नसते, फक्त जागा बदललेली असते. क्यूजीआयएसचे ‘जिओरेफरन्सर’, म्हणजे जुना नकाशा जमिनीवर बसवण्याचे साधन, दुसऱ्या पिढीत प्लगइनच्या यादीत खूण करून चालू करावे लागे. ३.२६ आवृत्तीत ते रास्टर मेनूमधून लेयर मेनूमध्ये गेले, आणि जुन्या पुस्तिका हातात धरून बसलेले लोक ते शोधत राहिले.

एवढे झाले की जिओरेफरन्सर चालू होते. लाल पट्टी नाही, इशारा नाही. आणि अमडापूर शेतात जाऊन बसते.

हा दुसरा, मुका बिघाड. त्याचे मूळ संगणकात सापडणार नाही. ते वऱ्हाडातच, अमडापूरच्या ईशान्येस शे-सव्वाशे किलोमीटरच्या पलीकडे सापडते.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ आधाररेषा मोजून दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी उभारायला सुरुवात केली. हेतू केवळ प्रदेशाचे नकाशे काढण्याचा नव्हता. पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे, हे त्याला या साखळीवरून ठरवायचे होते. ही साखळी ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत बिदर, मग वऱ्हाड असा प्रवास करीत आली. १८२२ मध्ये एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या परिसरात आधाररेषा मोजली गेली. इंग्रजी कागदपत्रांत हे ठिकाण ‘टाकल खेरा’ अशा नावाने येते. पुढच्याच वर्षी, २० जानेवारी १८२३ रोजी, नागपूरकडे निघालेला लॅम्बटन हिंगणघाटला मरण पावला. वीस वर्षे ज्या साखळीमागे तो चालला तिचे शेवटचे टोक त्याला वर्धेच्या खोऱ्यात सोडावे लागले.

त्याच्या जागी जॉर्ज एव्हरेस्ट आला. त्याचे नाव आज एका शिखरामुळे ओळखले जाते, जे त्याने कधी पाहिल्याची नोंद नाही. नकाशावाल्यांच्या जगात मात्र ते वेगळ्याच कारणाने रोज उच्चारले जाते. त्याने साखळी माळव्यातील सिरोंजजवळच्या कल्याणपूर टेकडीपर्यंत नेली. मग बिदरजवळचे दामरगिड्डा (१८ अंश ३ मिनिटे), मध्ये वऱ्हाडातील टाकल खेरा (२१ अंश ६ मिनिटे) आणि उत्तरेस कल्याणपूर (२४ अंश ७ मिनिटे) या तीन बिंदूंमधला वक्र घेऊन त्याने पृथ्वीचे माप काढले आणि १८३० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. हेच ‘एव्हरेस्ट १८३०’. भारतातील पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांचे बहुतेक सारे सरकारी नकाशे याच पृथ्वीवर काढलेले आहेत. त्या कमानीची मधली गाठ वऱ्हाडात मारलेली होती, ही गोष्ट वऱ्हाडातल्या शाळांत क्वचितच सांगितली जाते.

एव्हरेस्टने पुढे नव्या, अधिक चांगल्या उपकरणांनी साखळीचा मोठा भाग पुन्हा मोजला. त्यातून थोडी निराळी पृथ्वी निघाली. पण तोवर १८३० च्या आकड्यांवर असंख्य गणिते होऊन बसली होती. सारे पुन्हा करणे परवडणारे नव्हते, म्हणून जुनीच पृथ्वी कायम राहिली. आजच्या संगणकवाल्यांना हे ओळखीचे वाटेल. जुन्या आवृत्तीवर इतके काही उभे असते की नवी चांगली असूनही घेता येत नाही.

आता आकडे. एव्हरेस्टच्या पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर आहे. आजच्या जीपीएसची पृथ्वी, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, हिची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. फरक ८६१ मीटरांचा. शिवाय एव्हरेस्टची पृथ्वी भारताच्या जमिनीला चपखल बसावी म्हणून कल्याणपूरला टेकवलेली आहे. तिचे केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून आठशे मीटरांहून अधिक दूर पडते. अशा टेकवलेल्या पृथ्वीला ‘डेटम’ म्हणतात. दोन डेटमांवर एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश वेगळे येतात. विहीर कुठेही गेलेली नसते.

जुन्या पत्रकाच्या कोपऱ्यावर ‘२० अंश ३० मिनिटे’ छापलेले असते. कोणत्या पृथ्वीवरचे, हे मात्र त्या आकड्याशेजारी लिहिलेले नसते. जिओरेफरन्सर विचारतो, तेव्हा घाईत समोर आलेला पर्याय निवडला जातो, आणि तो बहुधा डब्ल्यूजीएस ८४ असतो. लॅम्बटन-एव्हरेस्टच्या पृथ्वीवरचा आकडा जीपीएसच्या पृथ्वीवर ठेवला, की अमडापूरच्या अक्षांशावर नकाशा सुमारे ११४ मीटर पूर्वेला आणि ८७ मीटर दक्षिणेला सरकतो. मिळून सुमारे १४० मीटर. उपांगाने दिलेले काम बिनचूक केलेले असते. आकडा कोणत्या शतकातला, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

उपाय आहे. क्यूजीआयएसमध्ये ‘कल्याणपूर १९७५’ नावाचा डेटम मिळतो; ईपीएसजीच्या जागतिक यादीत त्याचा क्रमांक ४१४६. कोपऱ्यांचे आकडे या डेटममध्ये द्यावेत, आणि मग डब्ल्यूजीएस ८४ मध्ये नेताना २९५, ७३६ आणि २५७ मीटर हे तीन सरक-आकडे वापरले जात आहेत ना, हे तपासावे. भारत व नेपाळसाठी ते प्रसिद्ध झालेले आहेत. हा तपास टाळता येत नाही. काही उपांगांना फक्त लंबगोलाचे नाव दिलेले असते, सरक-आकडे नसतात. अशा वेळी प्रणाली अंदाजी रूपांतरण करते, म्हणजे प्रत्यक्षात काहीच करीत नाही, आणि अमडापूर पुन्हा त्याच शेतात उभे राहते. नवा विद्यार्थी येथे हमखास चकतो. डेटमचे नाव बरोबर दिसते, म्हणून त्याला शंकाच येत नाही.

याच यादीत ‘कल्याणपूर १८८०’, ‘१९३७’, ‘१९६२’, ‘१९७५’ अशी भावंडे एकाखाली एक दिसतात आणि विद्यार्थी गोंधळतो. त्यांच्या त्रिज्याही निराळ्या आहेत. १९३७ च्या व्याख्येत ६३,७७,२७६.३४५ मीटर, १९६२ च्या व्याख्येत ६३,७७,३०१.२४३, १९७५ च्या व्याख्येत ६३,७७,२९९.१५१. पृथ्वी प्रत्येक पिढीत फुगत-आटत होती काय? एव्हरेस्टचा मूळ आकडा एकच आहे आणि तो फुटांत आहे: २,०९,२२,९३१.८ भारतीय फूट. बदलत गेला तो फुटाचा मीटरमधला भाव. एकदा ०.३०४७९८४१ धरला, मग ०.३०४७९९६, मग ०.३०४७९९५. दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या-सातव्या घरातील फरकाला दोन कोटींनी गुणले की पंचवीस मीटर निघतात. सुदैवाने ही त्रिज्या आहे, जमिनीवरचे अंतर नव्हे. कल्याणपूरपासून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरच्या अमडापुरात तिचा परिणाम दोन मीटरही भरत नाही. या भावंडांमुळे होणारा गोंधळ त्यांच्यामुळे होणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

खरी मोठी चूक याहून जुन्या नकाशांत दबा धरून असते. एकोणिसाव्या शतकातील भारतीय नकाशांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावर टांगलेले होते, आणि तो रेखांशच थोडा चुकीचा होता. ग्रिनिचशी अचूक नाते जुळायला तारायंत्र यावे लागले. १८९४ ते १८९६ मध्ये तारेच्या संकेतांनी कराचीपर्यंतचे रेखांश ठरले, आणि त्यानंतर १९०५ पासून नव्या नकाशांत २ मिनिटे २७ सेकंदांची वजाबाकी लागू झाली. कागदावर ही रेघ नखाएवढी दिसेल. अमडापूरच्या अक्षांशावर ती सव्वाचार किलोमीटर भरते. विसाव्या शतकापूर्वीचे पत्रक दुरुस्तीविना बसवले, तर अमडापूरची जागा पूर्वेकडच्या दुसऱ्याच शिवारात पडेल. येथे एक दिलासा असतो. चार किलोमीटरांची चूक डोळ्यांना दिसते. १४० मीटरांची चूक मात्र ‘गाव हलले असेल’ म्हणून खपून जाते.

आणि ज्या नकाशात अक्षांश-रेखांशच नाहीत त्याचे काय?

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६० च्या दशकात तेथे मुंबई इलाख्याच्या पद्धतीची जमीनमोजणी आली, जिचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५ नंतर इंदापुरात घातला होता. एव्हरेस्टला पृथ्वी मोजायची होती, विंगेटच्या माणसांना सारा ठरवायचा होता. त्यांचे हत्यार ३३ फुटांची साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. भूकरमापक बांधावर साखळी टाकत चालला, टिपणात रेघा आणि आकडे उतरवत गेला, आणि त्यातून गावाचा नकाशा तयार झाला. शेजारच्या गावाशी शिव जुळली की काम भागले. त्या कागदाला कल्याणपूरशी काही देणेघेणे नव्हते.

म्हणून गावनकाशाचा ‘डेटम कोणता’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. असा नकाशा बसवायचा तर दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या खुणा लागतात: जुनी विहीर, देवळाचा चौथरा, तीन गावांच्या शिवा मिळतात तेथला दगड. रस्त्याचे वळण घेऊ नये, ते रुंदीकरणात सरकते. नाल्याचा संगमही घेऊ नये.

आणि येथेच उपांग सर्वांत गोड फसवणूक करते. जिओरेफरन्सरमध्ये रूपांतरणाचे अनेक प्रकार आहेत. पहिल्या घाताच्या बहुपदीला किमान ३ खुणा लागतात, दुसऱ्या घाताच्या बहुपदीला ६, तिसऱ्या घाताच्या बहुपदीला १०. खुणा जास्त असतील तर प्रत्येक खुणेपुढे ‘शिल्लक’ चूक दिसते. ती पाहून विद्यार्थी अस्वस्थ होतो आणि ‘थिन प्लेट स्प्लाइन’ निवडतो. सगळ्या चुका शून्य होतात! कारण हे रूपांतरण कागदाला रबरासारखे ताणून प्रत्येक खूण तिच्या जागी खेचते. एखादी खूण चुकीच्या विहिरीवर लावलेली असेल, तर तिच्याभोवतीचे सगळे बांधही मुकाट्याने वाकतात. साध्या रूपांतरणात तीच खूण साठ-सत्तर मीटरची शिल्लक दाखवून स्वतः उघडी पडली असती. एकोणिसाव्या शतकातील साखळीवाल्याचा हात सहसा तितका चुकत नसे. घड्या, ओल आणि स्कॅनर यांनीच कागद जास्त बिघडवलेला असतो. त्यामुळे आधी पहिला घात लावावा, मोठी शिल्लक दाखवणाऱ्या खुणा एकेक करून तपासाव्यात, आणि काही खुणा मुद्दाम बाहेर ठेवून शेवटी त्यांवर नकाशा पडताळावा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाची नागरिकांसाठीची पत्रके डब्ल्यूजीएस ८४ वर निघू लागली, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशांवरची बंधने बरीच सैल केली. त्यामुळे आता एकाच अभ्यासकाच्या संगणकात एकाच अमडापूरचे निदान तीन कागद असतात: जीपीएसच्या पृथ्वीवरचा नवा, एव्हरेस्टच्या पृथ्वीवरचा जुना, आणि फक्त साखळीच्या मापावरचा गावनकाशा. तिन्ही एकाच पडद्यावर, एकाच रंगसंगतीत दिसतात. शोधनिबंधात असा नकाशा छापताना त्याखाली डेटम, सरक-आकडे, रूपांतरणाचा प्रकार आणि शिल्लक चूक या चार गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर ‘गाव हलले’ हे वाक्य वाचकाने मान्य करू नये.

हे सारे नीट केले तरी थोडा सरक उरतोच. त्या तीन सरक-आकड्यांचीच अनिश्चितता प्रत्येकी १० ते १५ मीटरांची आहे. म्हणजे ३३ फुटांची एखादी साखळी, कधी दीड. पांढरी हलली की नाही हे ठरवायला तेवढी अचूकता पुरते. दोन भावांमधला बांध ठरवायला पुरत नाही. त्यासाठी आजही भूकरमापक टिपणाची नक्कल घेऊन शिवारात जातो आणि शिवेचा दगड शोधून तेथून मोजायला सुरुवात करतो.